पाठकोरा कागद

दिल्लीत आर. के. पुरमच्या गणपतीत त्या वर्षी आम्ही एक जुनं फ्रेंच विनोदी नाटक मराठीत केलं. नायकाला जगातल्या खोटेपणाचा तिटकारा. आणि प्रेम कुणावर, तर सगळ्यांशी तोंडावर गोड बोलून पाठीमागे टिंगल करणाऱ्या बाईवर. नायक मी, बाई माझी बायको. तालमीत लोक म्हणायचे, "तुम्हाला काय, घरचंच आहे!" मी हसायचो. आणि घाईने पुढचं वाक्य घ्यायचो.

कारण हे सत्याचे पुतळे, म्हणजे मी, पंधरा दिवसांपूर्वी सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन बसले होते, आणि बायकोला पत्ता नव्हता. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या नव्या कारखान्यात मोठं पद मिळालं होतं. पण क्वार्टर सोडावं लागणार होतं. त्या क्वार्टरवर, शेजारणींवर, दारातल्या कडुलिंबावर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव. 'आज सांगू, उद्या सांगू' करता करता गणपती आले.

शेवटच्या अंकात त्या बाईने लिहिलेलं पत्र मी सगळ्यांसमोर वाचून तिच्या हातात द्यायचं होतं. हौशी नाटकात पत्र पाठ कोण करतो? मजकूर कागदावरच लिहून ठेवायचा. तोही मी पाठकोऱ्या कागदावर लिहिला. कोरा कागद वाया घालवायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

रंगमंचावर पत्र उघडलं. दिव्यांच्या उजेडात मागची अक्षरं पुढून दिसली. मानेसर. नेमणूकपत्राची झेरॉक्स, त्यात माझ्या राजीनाम्याची तारीखही! घाईत बॅगेतून हाताला लागला तो कागद मी उचलला होता.

कसंबसं वाचलं आणि कागद खिशात कोंबू लागलो. तिने हात पुढे केला.

"द्या की! माझंच आहे ना?"

प्रेक्षक हसले. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "अरे, दे ना यार!"

दिलं. तिने पुढून पाहिलं, मग उलटलं. वाचतच राहिली. मी एक पाऊल मागे सरलो. पहिल्या रांगेतल्या काकूंना तो अभिनय वाटला.

आता माझं वाक्य होतं. म्हटलं, "हे सगळं सोडून माझ्याबरोबर रानात चल."

तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"मी नाही यायची तुमच्या रानात," म्हणाली आणि निघून गेली.

नाटकात तसंच होतं. टाळ्या पडल्या. मी विंगेकडे बघत राहिलो.

घरी जाताना स्कूटरवर ती मागे बसली, पण खांद्यावर हात नाही. एक अख्खा सेक्टर मागे पडला.

"ते... नाटकातलंच होतं ना?" मी विचारलं.

"एक शब्द बदलला नाही मी." मग म्हणाली, "राजीनामा मागे घेता येतो?"

'नाही' हे खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या कमरेला तो कागद होता.

"येतो. महिनाअखेरपर्यंत."

"मग रविवारी ते तुमचं मानेसरचं रान दाखवा. आणि शेजारणींना तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन गोड बोलून."

"काय सांगशील?"

"ते रान बघून ठरवीन."

हात खांद्यावर आला नाही. मी स्कूटर आणखी हळू केली.