उलटलेला दगड

नदीतला दगड मी पुन्हा उलटला. खाली चिकटलेल्या किड्यांच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडले होते. म्हणजे आज-उद्या ते काठावर चढणार, कात टाकून उडणार आणि त्यांच्यासाठी मासे वर येणार. ती वेळ साधायला गळाला पिसांचा तसाच किडा बांधून मी सकाळपासून येरझाऱ्या घालतोय.

"अहो, सारखा दगड उचललात तर ते बिचारे बाहेर येणार कधी?" खडकावर बसलेली बायको म्हणाली.

आत काही घडतंय म्हटलं, की मला उघडून बघितल्याशिवाय राहवतच नाही. लग्नाचा विचार करायला लेकीने थोडी सवड मागितली आहे, आणि मी रोज फोन करून विचारतो, "ठरलं का?"

दगड अलगद जागेवर ठेवला. ओला हात विजारीला पुसला, आणि तोच हात खिशातल्या फोनकडे गेला.