बाराव्या जोडीच्या पाठीवर

नायजेरियातल्या इबादान शहरात, ओजे बाजारात आबेनीला नावानं कुणी हाक मारत नाही. ती ईया इबेजी, म्हणजे जुळ्यांची आई. दुपारी तिच्या आमालाच्या, म्हणजे कोनफळाच्या पिठाच्या उकडीच्या, पातेल्याभोवती जी झुंबड उडते, ती अर्धी आमालासाठी आणि अर्धी तिच्या जिभेसाठी. कुणी रस्सा जास्त मागितला की ती विचारते, "का रे, पोहायला उतरणार आहेस?"

तिची बोलती बंद व्हायची ती फक्त सासूबाईंपुढे. जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याचं नाव इडोवू. मग मुलगा असो की मुलगी. ते हमखास द्वाड निघतं, आणि ते आलंच नाही तर आईचं डोकं फिरतं, असं जुनी माणसं मानतात. आबेनीच्या जुळ्या पोरी शाळेत जायला लागल्या तरी इडोवूचा पत्ता नव्हता. सासूबाई कोनफळं सोलता सोलता रोज विचारायच्या, "काय गं, तुझा इडोवू वाट चुकला की काय?"

मग एकदाचं पोट दिसू लागलं. सासूबाईंनी बाजारभर मिरवून घेतलं. पण ते मूल नव्हतं; अंडाशयात कर्करोगाची गाठ होती. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर गर्भाशयही काढावं लागलं. इडोवूचा विषयच संपला. आबेनीला आता एकच घोर होता: हे दुखणं उलटेल का? पोरी मोठ्या झालेल्या आपल्याला बघायला मिळतील का? गाठीचा तुकडा गुणसूत्रं तपासायला पाठवला होता. त्यावरून गाठीचा स्वभाव कळेल, असं डॉक्टर फालेटीबाई म्हणाल्या होत्या.

निकालाच्या दिवशी सासूबाई सोबत आल्या, न विचारता. डॉक्टरांनी टेबलावर एक फोटो ठेवला. त्यात काळ्या दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे दोन-दोन करून मांडले होते.

"ह्या काय, अळ्या?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो आई, ही गुणसूत्रं. गाठीच्या एका पेशीतली. त्यांच्या अशा जोड्या असतात."

आबेनी वाकून बघायला लागली. "म्हणजे सगळी जुळीच की!"

"हो. फक्त बाराव्या जागी बघा."

तिथं तीन होती. आबेनीनं तिसऱ्यावर बोट ठेवलं, आणि तिला असं हसू फुटलं की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. "आई, बघा, सापडला तुमचा इडोवू! जुळ्यांच्या पाठीवर कसा बसलाय!"

फालेटीबाई इबादानच्याच. त्यांनाही हसू आवरेना. सासूबाई तेवढ्या फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होत्या.

हसता हसता आबेनी थांबली. "आता खरं सांगा, डॉक्टर. हा द्वाड माझा जीव घेणार का?"

"वाईट गाठीत नुसता गोंधळ असतो. जोड्या मोडलेल्या, एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला. तुमच्या गाठीत बाकी सगळी जागच्या जागी आहेत, आगाऊ हा एकटाच. गाठही बाहेर पसरली नव्हती. अशी गाठ सहसा उलटत नाही. मी शब्द देत नाही, तपासणीला यायचं म्हणजे यायचं. पण मी तुमच्या जागी असते, तर उद्या पातेलं चुलीवर चढवलं असतं."

आबेनी तिथंच ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात सासूबाईंनी स्वतः, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, जुळ्यांच्या नावानं चवळी शिजवली आणि गल्लीतल्या पोरांना जेवायला बोलावलं. आबेनी वाढत होती. पोराला घ्यायला आलेली शेजारीण सवयीनं म्हणाली, "छान झालीय चवळी. आता इडोवू कधी?"

सासूबाईंनी डाव पातेल्यात आपटला.

"येऊन गेला. दवाखान्यात सोडून आलोय त्याला, तिथंच बरा आहे तो. मला माझी सून हवी होती, ती मी घेऊन आले. पुन्हा या घरात त्याचं नाव काढू नकोस."

आबेनीच्या हातातली थाळी तशीच राहिली. सासूबाईंपुढे तिला याही वेळी काही बोलता आलं नाही.