माणसांच्या मागं पाहणारा

मोहर्लीच्या रस्त्यावर त्याचं मोबाइलचं दुकान आहे. फोनची मेमरी भरली की आम्ही सगळे त्याच्याकडेच जातो. फोटो उडवताना तो माणसांकडे पाहतच नाही, माणसांच्या मागं पाहतो. मला ते कधीच आवडलं नाही. वाघाचं नावही तो घेत नाही, नुसतं "मोठा" म्हणतो.

परवा बायकोला जंगलात मोहफुलं वेचायला सोडून मी त्याच्याकडे गेलो. निघताना काढलेला तिचा फोटो आला आणि त्याचा अंगठा थांबला.

"हा हालला, उडवून टाक," मी म्हटलं.

त्यानं दोन बोटांनी फोटो ताणला. तिच्या पाठीमागच्या गवतात दोन गोल कान होते.

"मोठा हाये," तो हळूच म्हणाला. "वयनी घरी आल्या काय, भाऊ?"