ओकच्या खांबातली टकटक

"मावशी, आज माझी साइट व्हिजिट आहे. येतेस? पण तिथे एकदम क्वाएट राहायचं," रिया सकाळी म्हणाली. मी गप्प राहणार, या कल्पनेनंच ताईला स्वयंपाकघरात हसू फुटलं. रिया ताईची मुलगी. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्येच जन्मली आणि आता तिथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जुन्या इमारतींच्या जपणुकीचं काम बघते. मी नाशिकहून महिनाभर त्यांच्याकडे राहायला आले होते. तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन मी गाडीत बसले. चौकाचौकातल्या गोल राउंडअबाउटांनी माझं डोकं इतकं फिरवलं, की गाव सुटलं ते कोणत्या दिशेला, हे मला अजून सांगता येणार नाही.

पुढे रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर पांढरा फुलोरा आला होता. चर्चच्या मागे वळलो आणि ते घर दिसलं. मॅनर हाउस, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराचं घर. मधाच्या रंगाचा दगड, उंच धुराडी आणि दगडी पट्ट्यांत बसवलेल्या बारीक काचांच्या खिडक्या. भपका कुठेच नव्हता. मला ते पाहताक्षणी आवडलं.

दारात हेलन उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पायात चिखलाचे बूट. पडायला आलेलं हे घर गावकऱ्यांनी मिळून वाचवायला घेतलं, त्यात या पुढे. घर लिस्टेड आहे (सरकारनं जपणुकीच्या यादीत घातलेलं, खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं). आत मोठा दिवाणखाना होता. बाहेरून दगड दिसतो, पण छपराचा भार पेलतात ते ओकचे खांब, लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेले. मधोमध लोखंडी टेकू उभे होते. छप्पर दुरुस्त झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी टेकू निघायचे होते.

"ऑगस्टमध्ये माझ्या नातीचं लग्न इथेच आहे," हेलन म्हणाल्या. "या घरात किती वर्षांनी माणसं जेवतील."

एका खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं होतं. कुणाचं तरी विसरलं असेल म्हणून मी ते उचलून खिडकीत ठेवलं आणि ऐसपैस बसले. रियाचा चेहरा पडला. ज्या खुर्चीवर बसायचं नसतं तिच्यावर इथे असं बोंड ठेवतात म्हणे. पाटी लावून पाहुण्याला दुखवण्यापेक्षा काटा बरा! हेलननी हसून मला साधं स्टूल दिलं.

मग सगळे गप्प झाले. जुन्या ओकच्या पोटात एक भुंगेरा वर्षानुवर्षं पोखरत राहतो. वसंतात तो जोडीदाराला हाक मारायला लाकडावर डोकं आपटतो. आपण पेन्सिलीनं टकटक केली, तर दुसरा भुंगेराच बोलतोय असं समजून उत्तर देतो. उत्तर आलं, की तो खांब पोखरलेला समजायचा. हेलन एकेका खांबाशी जाऊन पेन्सिल वाजवत होत्या आणि रिया कान लावत होती. एकाही खांबातून उत्तर आलं नाही. माझ्या शेजारच्या कोपऱ्यातल्या खांबाचा पाया भिंतीला ठोकलेल्या लाकडी फळीमागे होता, म्हणून तिथे त्यांनी वरच्या भागावर वाजवलं. तोही गप्प.

"मग उद्या टेकू काढायला सांगते," हेलन म्हणाल्या, आणि त्याच क्षणी खिडकीच्या चौकटीतून चुकचुक आवाज आला. तिथे भुंगेरे आहेत हे आधीच माहीत होतं आणि त्यावर औषधही चालू होतं. पण माझ्या हाताला ते कोण सांगणार? कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की बोटानं वाजवायचं, ही उभ्या जन्माची सवय. मी शेजारच्या फळीवर खाली टकटक केली आणि पुटपुटले, "कृष्ण कृष्ण."

फळीमागून उत्तर आलं. टकटकटकटक.

हेलन माझ्याकडे बघत राहिल्या. "पुन्हा करा," त्या हळूच म्हणाल्या. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर.

रियानं तिथे कामावर असलेल्या सुताराला बोलावलं. त्यानं फळी अलगद सोडवली आणि खांबाच्या पायाशी बारीक टोचा लावला. पिकल्या पेरूत सुरी शिरावी तसा तो आत गेला. "टेकू काढले असते तर हा कोपरा खाली आला असता. आता ऑगस्टपर्यंत हे काम उरकत नाही," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या घरच्या लग्नाला मी गालबोट लावलं होतं! "सॉरी," मी म्हटलं, तशी हेलननी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"आत शंभर माणसं असताना कळलं असतं तर? लग्न काय, कुठेही होईल."

असं म्हणून त्या चहाचं बघायला गेल्या. मग चहा आला. स्कोनबरोबर (जाडसर गोडूस पाव) त्यांनी माझ्या तीन पुऱ्या खाल्ल्या. किडका भाग तेवढाच कापून नवा ओक सांधायचा, आणि तो रंगवून जुना भासवायचा नाही, हे तिथेच ठरलं.

परतताना रियानं चर्चचं वळण मागे टाकलं. मग म्हणाली, "मी खांब पास करणार होते, मावशी. थँक यू."

नाशिकला आल्यावर ऑगस्टच्या शेवटी रियानं फोटो पाठवला. हिरवळीवर पांढरा तंबू, पावसानं चिंब झालेले पाहुणे, हसणाऱ्या नातीच्या शेजारी हेलन. परक्या देशात एका तासाच्या ओळखीवर मला आपलं म्हणणाऱ्या त्या बाईंना मी मनोमन हात जोडले. लग्न अंगणात झालं होतं, आणि त्यांच्या पाठीमागे घर उभं होतं.