अम्माची शहाणी मुलगी

अक्का कुंभकोणमच्या रस्त्यांवरून कधी चालली नाही, ती धावायची. साडी एका हातानं वर धरलेली, खांद्यावरची पर्स उघडी, आणि समोर येईल त्याला "उशीर जाहला, उशीर जाहला" सांगत. "टीचर धावल्या म्हणजे शाळेची घंटा होऊन गेली," असं कोपऱ्यावरची फुलवाली म्हणे. अक्का तिच्याकडे पाहून हसे आणि पुढं धावे.

ती माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. एका खासगी शाळेत रसायनशास्त्र शिकवी. वर्गात जवळच्या नाचियारकोविल गावचा काळवंडलेला पितळी दिवा नेई, मुलांकडून चिंचेनं घासून घेई आणि विचारी, "मळ गेला कोठें, सांगा!" मुलं त्या एका प्रश्नावर तासभर भांडत. मात्र त्याच मुलांचे पेपर तिच्याकडून कधी वेळेवर तपासून झाले नाहीत. एकदा सहामाहीचा अख्खा गठ्ठा ती बसमध्येच विसरली. तो सापडला नाही. शाळेनं तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी येऊन तिनं ही गोष्ट नकला करत, हसवत सांगितली आणि मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"आळशी" हा शब्द तिला लहानपणापासून चिकटलेला. तो ती स्वतःच आधी उच्चारायची, म्हणजे दुसऱ्यानं म्हणायला नको.

एके दिवशी तिचा पुण्याला मला फोन आला. आमच्या घरात तंजावरच्या मराठा राजांच्या वेळचं मराठी बोलतात. माझं पुणेरी मराठी तिला बातम्या ऐकल्यासारखं वाटे आणि त्यावरून ती चिडवल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी चिडवलं नाही. "रघू, फोनवर एका व्हिडिओंत एक बाई बोलती आहे. एडीएचडी म्हणतात म्हणे, मन एका जागीं ठरत नाही तें. माझीच गोष्ट सांगती आहे रे. मी कदाचित आळशी नव्हें." शेवटचं वाक्य तिनं इतक्या हळू म्हटलं की मी ते पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा म्हटलं नाही.

मी रजा काढून गेलो. तंजावरहून आठवड्यातून एकदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी अक्काचं खूप वेळ, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे लहानपणापासून होतं का, ते कळायला हवं. तेव्हाचं कोण सांगेल?" माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. वडील गेलेले. राहिली अम्मा.

अम्मा ठेवणीतलं रेशमी नेसून आली, जणू मुलगी दाखवायची होती. डॉक्टर तमिळमध्ये विचारत होते. शाळेत वस्तू हरवायची का?

"नाही. दप्तर मीच भरत होते ना."

गृहपाठ अर्धा राहायचा?

"कधीच नाही. मी शेजारी बसत होते, पुरा होईपर्यंत."

एका जागी बसायची?

"माझी मुलगी शहाणी आहे, डॉक्टर. पहिल्यापासून शहाणी."

मी मध्ये बोललो, "अम्मा, खरं सांग." अम्मा माझ्याकडे वळली. "तर मग काय सांगूं? चारचौघांत माझ्या लेकीला वेडी म्हणूं?" अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली.

डॉक्टर समजूतदार होते. आईंच्या उत्तरांतही बरंच काही आहे, म्हणाले. पण एवढ्यावर ठरवता येणार नाही, आणखी एकदा दोघींशी वेगवेगळं बोलायचं आहे. पुढची तारीख दिली. मी पुण्याला परतलो होतो. आदल्या दिवशी फोन करून अक्काला आठवण करून दिली. "हाव, हाव" करत ती हो म्हणाली, आणि डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी धावत धावत तिथं पोचली. बंद दारासमोरून तिनं मला फोन केला. "पाहिलेंस? आतां हें कोणाला सांगावें?" ती हसत होती. बऱ्याच वेळानं मला कळलं की ती हसत नाही.

त्यानंतरची तारीख मिळायच्या आतच अम्मा झोपेत गेली.

दिवसकार्य आटपल्यावर निघताना मी विषय काढला. स्टेशनवर दोघंच होतो. आई नसली तरी तपासणी होऊ शकते, मी विचारून घेतलंय, आपण पुन्हा जाऊ, असं म्हणालो. अक्का रुळांकडे बघत होती.

"अम्मा त्या डॉक्टरासमोर काय बोलली, ऐकलेंस की नाही? जन्मांत पहिल्यांदा मला कोणी शहाणी म्हटलें. तें खोटें पाडून मी गोळी घेऊं?"

"खोटं पाडायचं नाही, अक्का. शहाणी माणसंही..."

"माहीत आहे रे. मला सगळें माहीत आहे. पण मजकडून होत नाही."

गाडी आली. मी चढून खिडकीशी बसलो. अक्का बाहेरून गजांना धरून पाणी पी, जेवण नीट कर, असं काहीबाही सांगत होती. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली. तेवढ्यात फलाटावर कोणाच्या तरी कडेवरचं मूल खुदकन हसलं. अक्का वळली आणि त्याच्याशी बोलू लागली.

फलाट संपेपर्यंत मी हात हलवत होतो.