मागे जायचा हक्क

ज्यांचे पाय तयार बुटांत मावत नाहीत, अशांसाठी तो बूट शिवायचा. एक पाय आखूड असलेले, टाच वळलेली, मधुमेहाने बोटं गेलेली माणसं लांबून यायची आणि त्याला ‘जोडेवाले’ म्हणायची. कातडं, आरी आणि बुटाला आकार द्यायचे लाकडी फर्मे ही त्याची बाजू. माणसांशी बोलणं बायकोकडे. त्याला चार वाक्यं सलग बोलायची म्हणजे घाम फुटायचा.

पावलाचं माप घ्यायचं मशीनही तीच चालवायची. काचेवर अनवाणी पाऊल ठेवलं की तळव्याचं चित्र संगणकावर उमटायचं आणि जिथे भार जास्त तिथे लाल दिसायचं. चित्राशेजारी शेऱ्यासाठी एक चौकट होती. तिथे ती काहीबाही लिहीत बसायची. ‘एवढं काय लिहितेस?’ असं त्याने एकदा विचारलं होतं. ‘तुम्ही बोलत नाही ना, म्हणून,’ ती म्हणाली होती.

आठ दिवसांच्या तापात ती गेली. पुढची दोन वर्षं तो मशीन स्वतः चालवत राहिला. मापं बघायचा, पण शेरे उघडायचा नाही. निवांत वाचू कधीतरी, म्हणायचा. आणि एका दुपारी संगणकातून धूर आला.

दुरुस्तीवाल्याने आतली सगळी माहिती सुखरूप काढून दिली. नवा संगणक आला. पण मापाचा प्रोग्राम काही केल्या त्यावर चालेना. तो जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्या प्रोग्रामशिवाय शेरेही उघडेनात. वाचायचं राहिलं, हे तेव्हा कुठे त्याला कळलं.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीला त्याने फोन केला.

“कुणाकडून तरी जुनी सिस्टिम टाकून घ्या, बाबा. सगळे तेच करतात.”

“म्हणजे चोरीची?”

“इतकी जुनी वस्तू. कोण विचारतंय?”

“तुझ्या आईने त्या मशीनची पावतीसुद्धा जपून ठेवलीय. तिचंच लिहिलेलं मी चोरून वाचू?”

त्याने फोन ठेवला.

मग त्याने नव्या संगणकासोबत आलेला सिस्टिमचा परवाना वाचायला घेतला. बारीक अक्षरांची ती पानं आजवर कुणी वाचली असतील असं वाटत नाही. भिंग घेऊन, ओळीवर बोट ठेवून, चार संध्याकाळी तो बसला. एका परिच्छेदात असं होतं की, ठरावीक आवृत्ती घेणाऱ्याला नव्या सिस्टिमऐवजी आधीची वापरता येईल. त्याने तो तीनदा वाचला आणि मदत केंद्राला फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं.

पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतलं. “हक्क आहे, पण तो व्यावसायिक आवृत्तीला. तुमची घरगुती दिसतेय.”

“मग?”

“दुकानात बदलून मिळते का बघा. आणि जुन्या सिस्टिमची अस्सल डिस्क तुमच्याकडे हवी. ती आम्ही देत नाही.”

“डिस्क असेल. पण ती जळालेल्या संगणकाची.”

“चालेल. तिच्यावरचा क्रमांक आपोआप स्वीकारला जाणार नाही. तेव्हा पुन्हा फोन करा, नव्या परवान्याचा तपशील सांगा, आम्ही सुरू करून देऊ. एक लक्षात ठेवा, त्या परवान्यावर दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. पण नव्यावरचा हक्क जात नाही. कधीही परत येता येईल.”

“परत यायची घाई नाही,” तो म्हणाला.

दुकानदाराने कुरकुर केली, पण वरचा फरक घेऊन संगणक बदलून दिला. डिस्क बायकोच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली सापडली. दुरुस्तीवाल्याने ती चढवली, फोनवर लांबलचक आकडे जोडेवाल्याने स्वतः वाचून दाखवले आणि सिस्टिम सुरू झाली, तिच्यावर मापाचा प्रोग्रामही चालला. इंटरनेटची तार तेवढी काढून ठेवली, कारण इतक्या जुन्या सिस्टिमला आता सुरक्षेची डागडुजी मिळत नव्हती.

एकटा झाल्यावर त्याने पहिला शेरा उघडला. ‘डावा पाय दाखवायला लाजतात. आधी उजव्याबद्दल विचारावं.’ दुसरा: ‘मुलीच्या लग्नात उभं राहायचंय. बूट काळेच हवेत.’ तिसरा: ‘दुखत नाही म्हणतात. दुखतं.’

तो महिनाभर वाचत होता. गिऱ्हाईक आलं की आधी तिचा शेरा बघायचा आणि तिने विचारलं असतं तेच विचारायचा. नेहमी येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका एकदा म्हणाल्या, “हल्ली बोलायला लागलात की.” तो ओशाळून हसला.

सगळ्यात जुनी नोंद अगदी शेवटी उघडली. मशीन आलं त्या दिवशी तिने चाचणीसाठी स्वतःचंच पाऊल काचेवर ठेवलं होतं. तळवा पडद्यावर उमटला, करंगळी जराशी आत वळलेली, उजव्या टाचेवर लाल. खाली लिहिलं होतं: ‘मशीन चालतं. टाच दुखते माझी. ह्यांना सवड झाली की एक जोड मागायचा.’

तिने कधी मागितला नाही. जन्मभर बाजारातल्या चपला घातल्या. त्याने त्या चित्रावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने लाकूड घेतलं आणि त्या मापाचे दोन फर्मे कोरले. टाचेला लाकूड जरा जास्त ठेवलं, म्हणजे जोड तिथे सैल बसेल. कातडं चढवायला मात्र हात होईना.

सुट्टीत मुलगी आली. “आता सगळे शेरे छापून घेतलेत ना? मग मापाचं नवं मशीन बघू आणि नवी सिस्टिम टाकून देते. हक्क आहेच तुमचा.”

“असू दे अजून थोडे दिवस.”

ती भिंतीकडे वळली. इतरांच्या फर्म्यांमध्ये टांगलेला एक लहानसा जोड तिने खाली काढला, करंगळीच्या वळणावरून अंगठा फिरवला.

“ही कुणाची ऑर्डर, बाबा?”

“राहून गेलेली आहे. सांगतो,” तो म्हणाला, आणि तिला बसायला स्टूल पुढे सरकवलं.