डी ड्राइव्हमधली माणसं

सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एक खोड लागली होती. समोरच्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं आधीच धरून चालायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या हॉस्टेलवर ज्याच्या घरी कॉम्प्युटर तो शहाणा, असा हिशेब होता. माझ्या घरी होता, म्हणून मी दुप्पट शहाणी.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला निघाले, तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि दोन जाड वह्यांच्या मधे जपून ठेवलेली एक सीडी होती. एका मासिकाबरोबर फुकट आलेली. तिच्यात लिनक्स होतं. विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली. कुणीही घ्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावी. वर्गातल्या दोन मुलांनी ती घरी टाकली होती आणि आठवडाभर तेच तेच सांगून आमचा जीव खाल्ला होता. मुलींपैकी कुणी टाकली नव्हती. मला पहिली व्हायचं होतं. उगाच ज्ञानाची तहान वगैरे म्हणत नाही, नाक वर करून फिरायचं होतं, बास.

घरचा कॉम्प्युटर माझा नव्हता, आप्पांचा होता. आप्पा म्हणजे वडील, प्राथमिक शाळेतून हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. ओळखीच्या एकाने डीटीपीचं दुकान बंद केलं, त्याच्याकडून त्यांनी तो जुना घेतला, कारण त्यात मराठी टायपिंगची सोय आधीच होती. छप्पन साली आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला. तेव्हा ज्यांनी स्वतः दीक्षा घेतली, त्या माणसांना शोधून, ते दिवस त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवायचं आप्पांनी मनावर घेतलं होतं. माणसं घरी सापडतील असा सुट्टीचा वार बघून एसटीनं कधी कुंडल, कधी कवठे महांकाळ, कधी फलटणकडची गावं. तिथं बसून कागदावर लिहायचं आणि घरी येऊन एका बोटानं टाइप करायचं.

उन्हाळ्यात मीच त्यांना मशीन चालू-बंद करायला शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "हे ऱ्हातं का गं नीट?"

"आप्पा, एकदा आत घातलं की कायमचं," मी म्हणाले होते. "कागदासारखी वाळवी लागत नाही त्याला."

एवढं बोलून मी सांगलीला निघून गेले आणि विसरले. माझी समजूत अशी, की आप्पा अजून बाराखडीच बडवत असणार.

तर दिवाळीत एका शनिवारी आप्पा फलटणकडे गेले आणि मी सकाळी दहाला मशीनसमोर बसले. लिनक्सला स्वतःची वेगळी जागा लागते. डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. सीमध्ये विंडोज होतं, म्हणजे उरला डी. उघडून बघितला. आत तेवीस फायली, नावं कसलीतरी अर्धवट इंग्रजी. दोन-तीन उघडल्या. कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं, मधेच उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. मराठीत टाइप केलेलं त्याच्या त्याच्या फॉन्टशिवाय उघडलं की असंच दिसतं, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं कॉम्प्युटर शिकत होते आणि माझ्या भाषेतली एक ओळ मी त्यावर लिहिली नव्हती. डीटीपीवाल्याचा राहिलेला कचरा दिसतोय, असं मी ठरवून टाकलं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, आप्पांस्नी इचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं त्यातलं?" मी म्हणाले. हे वाक्य मी बोलले आहे. दुसऱ्या कुणी नाही.

मशीननं मात्र विचारलं. या भागावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी नक्की म्हटलं. तास-दीड तास सीडी घुरघुरत राहिली. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिनची ओळ आली आणि मी आईला हाताला धरून ओढत आणलं. तिनं पदराला पीठ पुसत बघितलं. "एवढा येळ घालवून काळंच की गं," म्हणाली. मला तिची कीव आली.

संध्याकाळी आप्पा आले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि खिशातून कागद काढून मशीनसमोर बसले. मी त्यांना विंडोज चालू करून दिलं, ते शाबूत होतं. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. "माझी माणसं दिसनात गं. डीमधी ठेवली हुती."

"किती होती?" मी विचारलं.

"तेवीस."

मी शेजारी बसले, माऊस हातात घेतला, इकडेतिकडे उगाच दाबत राहिले. मग म्हणाले, "आप्पा, दुपारी लाइट गेली होती. डिस्कचा तेवढा भाग उडाला असणार."

आई दारातच उभी होती. त्या दिवशी लाइट गेली नव्हती हे तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली.

"पण कागद असतील ना तुमचे?" मी विचारलं.

कागद नव्हते. पक्कं उतरवून झालं की कच्चं फाडून टाकायचं, ही त्यांनी चाळीस वर्षं पोरांना लावलेली शिस्त. टाइप झाला की कागद फाडून बंबात. वाळवीचं माझं वाक्य त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, "माझंच चुकलं आसंल. आदल्या दिवशी मी नीट बंद केला नव्हता बघ." मी नाही म्हणाले नाही.

सांगलीला जाऊन मी वर्गातल्या त्या दोन मुलांना विचारलं, पुसलेलं परत आणता येतं का. त्यावर दुसरं लिहिलं गेलंय, आता विसर, म्हणाले. त्यांनीच मग वर्गात सांगितलं, की हिनं पण लिनक्स टाकलं. पोरी कौतुकानं बघायला लागल्या आणि मला मान वर करवेना.

आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा एसटी, पुन्हा तीच गावं. काहीजण म्हणाले, गुरुजी, आता तेवढं आठवत न्हाई. काहीजण तोवर गेले होते. मेमध्ये मी घरी आले तेव्हा फलटणकडच्या एका गावी ते मला बरोबर घेऊन गेले. त्या तेवीसांतली तिथली म्हातारी दोन महिन्यांपूर्वी वारली होती. एसटीत आप्पांनी मला तिचं सांगितलं. दीक्षेनंतर घरातले देव ओच्यात बांधून ती नदीत सोडायला गेली, ते मुठीत घेऊन पाण्यात उतरली, पण मूठ उघडेना. नवरा काठावरून ओरडतोय आणि ही कमरेएवढ्या पाण्यात मूठ आवळून उभी.

"मग तुम्हीच लिहा की," मी म्हणाले. "पाठच आहे तुम्हाला."

"पाठ हाय. पर ते माझं बोलणं झालं. मूठ कशी उघडली ते तिनं ज्या शब्दांत सांगितलं, ते मला न्हाई येत."

म्हातारीचा मुलगा मिलिटरीतून पेन्शनीवर आलेला. त्यानं अंगणात सतरंजी टाकली. आप्पा बसलेच नाहीत. त्या माणसासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आयुष्यभर ज्यांना दुसऱ्यांनी हात जोडले, ते माझे वडील. "आईंचं बोलणं माझ्या हातनं गेलं," ते म्हणाले. "लाइटीचं निमित्त झालं, पर जबाबदारी माझी हुती. माफी मागायला आलोय."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. तोंड उघडायचं होतं, एवढंच काम होतं.

"आवं गुरुजी, हात कसलं जोडताय," म्हणत त्यानं त्यांना खाली बसवलं. त्याची बायको चहा घेऊन आली. मग तो माझ्याकडे वळला. "ही इंजिनेर हुतीया न्हवं? मग हिला ते काढता येईना व्हय?"

माझ्या आधी आप्पाच बोलले. "लय खटपट केली तिनं. दोन दिवस जेवली न्हाई पोरगी."

जेवले नव्हते हे खरं होतं. पकडली जाईन या भीतीनं घास उतरत नव्हता. तो माणूस माझ्याकडे मायेनं बघत होता. "घे बाई चहा," म्हणाला. "तू तरी काय करशील."

मी मान हलवली आणि कप घेतला.